पहिली मोटरसायकल जळाली, मग म्युझियममध्ये उभी आहे ती कोणती?

प्रश्न (ठाण्याहून एका ताईंचा): मुलगा स्टुटगार्टला नोकरीला आहे. यावेळी त्याच्याकडे गेलो तेव्हा मर्सिडीजचं म्युझियम बघितलं, तिथे 1885 ची लाकडी मोटरसायकल आहे, पेट्रोलवर चालणारी जगातली पहिली. मी अगदी भारावून बघत होते आणि मुलगा म्हणाला, आई ही ओरिजिनल नाहीये, रेप्लिका आहे. मन खट्टूच झालं. मग खरी कुठंय? आणि नकलेला एवढा मान कशाला?

उत्तर: ताई, खरी आता कुठेच नाही. 1903 मध्ये स्टुटगार्टजवळच्या कानश्टाटला डाइमलर कारखान्याला मोठी आग लागली त्यात ती गेली. त्यामुळे स्टुटगार्ट असो, म्युनिकचं डॉइचेस म्युझियम असो नाहीतर जपानात मोटेगीला होंडाचं म्युझियम, कुठेही बघितलीत तरी ती नंतर कुणीतरी घडवलेलीच असणार.

पण तिला नक्कल म्हणू नका हो. नक्कल फसवायला करतात, ही समजून घ्यायला केलीय आणि तसं पाटीवर लिहिलंय. मूळ गाडी बनवणारे गोटलिब डाइमलर आणि त्यांचे जोडीदार विल्हेल्म माइबाख, डाइमलरच्या घराच्या बागेतल्या काचघरात दार लावून ठोकाठोक करत बसायचे, तेव्हा माळ्याला वाटलं हे खोटी नाणी पाडतायत आणि त्याने पोलिस बोलावले, असं सांगतात. पोलिसांना सापडली अवजारं आणि इंजिनाचे पार्ट. पुढच्या खेपेला गेलात तर ते काचघर जरूर बघा, बाड कानश्टाटच्या बागेत अजून जपून ठेवलंय आणि मुलाच्या घरापासून फार लांब नसणार.

अजून एक, त्या दोघांना मोटरसायकल बनवायचीच नव्हती. हलकं, जोरात फिरणारं इंजिन जमलं होतं. त्यावेळची निकोलाउस ऑटो या जर्मन माणसाची इंजिनं मिनिटाला दीडशे-दोनशे फेरे घ्यायची, यांचं 600 घ्यायचं. ते गाडीवर चालतं का एवढंच बघायचं होतं, म्हणून हाताशी होतं त्या लाकडाचा सांगाडा केला आणि तोल जाऊ नये म्हणून बाजूला दोन छोटी चाकं लावली. काम झाल्यावर ते चार चाकांकडे वळले आणि ही पडून राहिली. मला तर त्यामुळे ती जास्तच जवळची वाटते.

प्रश्न (कोल्हापूर): बाबा 68 वर्षांचे, आयुष्यभर उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने करायचे. नातवाने मोबाइलवर हीच गाडी दाखवली आणि तेव्हापासून बाबा वहीत ड्रॉइंगच काढत बसलेत, म्हणतात मी करणार. आम्हाला घरात कौतुक पण आहे आणि काळजी पण. सुरुवात कुठून करायची? चालेल का ती? रस्त्यावर काढता येईल का?

उत्तर: पत्र दोनदा वाचलं. बाबांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांना करू द्या, प्लीज.

सगळ्यात आधी, कुठली करणार ते ठरवा. पेटंट 29 ऑगस्ट 1885 चं, त्याच्या ड्रॉइंगमध्ये स्टिअरिंगची जोडणी आणि इंजिनावरून चाक फिरवणारा पट्टा ताणायची यंत्रणा बरीच किचकट आहे. प्रत्यक्षात चालवली तिला साधं हँडल होतं. पुढे त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मागच्या चाकाला दातेरी रिंग लावून दोन स्पीड केले, एक ताशी 6 किलोमीटर आणि एक 12. म्युनिकच्या प्रतिकृतीला साधं हँडल आणि रिंग आहे, अमेरिकेत ओहायोला आहे ती पेटंटच्या ड्रॉइंगप्रमाणे आहे आणि मूळ गाडीपेक्षा मोठी झालीय. म्हणजे नेटवरचे चार फोटो एकत्र केले की बाबांचं माप कुठेच जुळणार नाही. एकच घ्या, तीच शेवटपर्यंत.

मग चाकं. इथे बाबांना लेथवाला नाही, बैलगाडी करणारा जुना सुतार शोधावा लागेल. लाकडी आरे, मधला तुंबा, वरून लोखंडी धाव, हे सगळं आपल्याकडे बैलगाडीला होतंच की. मी लहानपणी आजोळी धाव चढवताना बघितलीय. धाव मुद्दाम चाकापेक्षा जराशी लहान करतात, शेण्यांच्या आगीत लालभडक तापवतात, तापली की ती फुगते आणि मग तिघे-चौघे चिमट्यांनी उचलून चाकावर उतरवतात, लाकडातून धूर निघतो, लगेच पाणी मारायचं आणि धाव आवळायला लागली की आरे तुंब्यात कचकच करत घट्ट बसतात, तो आवाज मला अजून आठवतो. पाणी मारायला उशीर झाला तर लाकूड जळतं. हे काम यूट्यूबवर बघून करू नका, ज्याच्या हातात ते आहे त्यालाच बोलवा, आणि असे हात आता फार थोडे उरलेत म्हणून हे काम पहिलं उरका.

इंजिनात बाबाच आपले गुरू. सिंगल सिलिंडर, बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास 58 मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव 100 मिमी, म्हणजे 264 सीसी, ताकद फक्त अर्धा हॉर्सपॉवर. बिडाचं ओतकाम आकसतं त्याची सूट पॅटर्नला किती द्यायची हे मी त्यांना काय सांगणार. 58 बोअरच्या पिस्टन रिंगा दीडशे सीसीच्या बाइकच्या स्पेअरमध्ये मिळून जातील. मिश्रण आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हला उघडायला कॅम (फिरता उंचवटा) नव्हता, पिस्टन खाली गेला की ओढीनेच तो उघडायचा, म्हणून त्याची स्प्रिंग अगदी हलकी लागते, कडक टाकलीत तर इंजिन श्वासच घेणार नाही.

काळजी करायची ती इग्निशनची, म्हणजे इंधन पेटवण्याची. स्पार्क प्लग नव्हता, सिलिंडरला एक बारीक नळी होती, बाहेरून बर्नरच्या ज्योतीने ती कायम लाल ठेवायची, दाबलं गेलेलं मिश्रण नळीत शिरलं की पेट घ्यायचं. आणि ही ज्योत बसायच्या सीटखाली! 10 नोव्हेंबर 1885 ला डाइमलरच्या मुलाने कानश्टाटहून जवळच्या उंटरट्युर्कहाइम गावाला तीन किलोमीटर चालवत नेली तेव्हा सीटने पेट घेतला होता. त्यामुळे नळी आणि बर्नर दिसायला हुबेहूब करा पण पेटवू नका, आत न दिसेल असा छोटा स्पार्क प्लग बसवा किंवा नुसतं कंप्रेसरच्या हवेवर फिरवून दाखवा. बाबा ऐकणार नाहीत कदाचित, जुन्या माणसांना अर्धवट काम आवडत नाही, पण पेट्रोलशेजारी उघडी ज्योत नकोच, घरात नातू आहे.

रस्त्यावर नाही. रजिस्ट्रेशनशिवाय 264 सीसीची गाडी काढता येत नाही आणि हिला ब्रेक म्हणजे मागच्या चाकाला घासणारा ठोकळा. शाळेच्या मैदानात, परवानगी काढून, माणूस चालतो त्या वेगाने चालवा, मुलांना बाजूने चालू द्या.

पूर्ण झाली की पाटी लावा. "प्रतिकृती" हा शब्द मोठ्या अक्षरात, कुठल्या आवृत्तीची ते, आणि खाली बाबांचं, सुताराचं, ओतकाम करणाऱ्याचं नाव, कोल्हापूर आणि साल. प्लग आत लपवलाय तेही लिहा. आणि धाव चढवायचा दिवस ठरला की कळवा, मी येतोय.