डिप्लोमानंतर थेट दुसरे वर्ष : गणित का अडते?

प्रश्न : पॉलिटेक्निकनंतर मुलीला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. प्रॅक्टिकलमध्ये ती पुढे आहे, गणितात मात्र अडते. काय करावे?

उत्तर : तिची बुद्धी कमी पडत नाही, पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित तिला शिकवलेच गेलेले नाही. दुसऱ्या वर्षाच्या गणितातल्या लाप्लास ट्रान्सफॉर्मची सूत्रे पाठ असूनही उदाहरण सुटत नाही, कारण इन्व्हर्स (उलट्या) लाप्लासला पार्शल फ्रॅक्शन (मोठ्या अपूर्णांकाचे सोपे तुकडे करणे) लागतात आणि त्याच विषयातल्या फूरिअर सिरीजला इंटिग्रेशन बाय पार्ट्स (गुणाकाराचे इंटिग्रेशन करण्याची रीत). आधी हे दोनच पक्के करावेत : रोज पाच-सहा उदाहरणे, एकही पायरी न गाळता. पहिल्या वर्षाचे अख्खे पुस्तक घेऊन बसू नये, चालू अभ्यासक्रम निसटतो. प्रवेश उशिरा झाला असेल, तर बुडालेल्या तासांच्या नोट्स आणि जर्नल लगेच पूर्ण करावे. टर्मवर्कचे, म्हणजे सत्रभरातल्या कामाचे, गुण तिथेच जातात. कॉलेजात ब्रिज कोर्स (राहिलेला भाग भरून काढणारा छोटा कोर्स) आहे का, हेही विभागप्रमुखांना विचारा.