वीगन डब्याची रविवारची तयारी

तुम्ही लिहिलंय की दोघंही सकाळी आठला घर सोडता, तीन महिन्यांपूर्वी दूध-दही-तूप बंद केलं, रविवारी पाच भाज्या एकदम करून ठेवता आणि बुधवारी त्यातल्या निम्म्या टाकून द्याव्या लागतात. मी ठाण्यात राहते, नोकरी करते, आणि गेली नऊ वर्षं आमच्या घरात वीगन स्वयंपाक आहे, म्हणजे दूध-तुपासकट प्राण्यांकडून येणारं काहीच नाही. पहिलं वर्ष माझंही असंच गेलं. अन्न टाकताना होणारा जिवाचा त्रास मला माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शिजवलेल्या भाज्या साठवणं बंद करा. भेंडी, कोबी, पालेभाजी तिसऱ्या दिवशी पाणी सोडतात, वास बदलतो, आणि गरम केल्या की आणखीच गळून जातात. आपल्या जेवणाची चव शेवटच्या फोडणीत असते आणि फोडणीला पाच मिनिटं लागतात. वेळ जातो तो त्याच्या आधी, भिजवणं, मोड आणणं, शिजवणं, वाटण भाजणं, लसूण सोलणं यात. रविवारी एवढंच उरकायचं. फोडणी रोजची रोज.

सुरुवात शुक्रवारी रात्री होते. झोपायच्या आधी दोन वाट्या मटकी भिजत घालते. शनिवारी सकाळी उपसून, पाणी पूर्ण निथळून सुती कापडात घट्ट बांधते. रविवारी सकाळी मोड आलेले असतात. एप्रिल-मेमध्ये शनिवारी रात्रीच येतात, तेव्हा पुरचुंडी लगेच फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर आंबूस वास येतो. मोड आलेली मटकी कोरडी करून डब्यात खाली कापड घालून ठेवली की तीन दिवस छान राहते. हाताला चिकट लागली तर मोह न धरता टाका. शनिवारी रात्री छोले किंवा राजमा भिजवते. राजम्याचं भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं आणि नव्या पाण्यात कुकरला अगदी मऊ शिजवायचा. अर्धवट शिजलेला राजमा पोट बिघडवतो. शिजले की त्यांच्याच पाण्यासकट दोन-दोन वाट्यांच्या डब्यांत भरून फ्रीजरमध्ये. डबा काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना फुगतं. हे दोन महिने सहज टिकतात, त्यामुळे दर रविवारी करायची गरज नाही. एक रविवार छोले, पुढचा राजमा, त्यापुढचा चवळी, असं करत गेलं की महिन्याभरात फ्रीजरमध्ये तीन-चार प्रकार जमतात.

माझा खरा आधार मात्र वाटण आहे. चार मोठे कांदे उभे चिरून, वाटीभर सुकं खोबरं, पंधरा-वीस लसूण पाकळ्या, बोटभर आलं. थोड्या तेलावर कांदा चांगला तांबूस होईपर्यंत भाजायचा, घाई करायची नाही, सगळी चव तिथेच ठरते. खोबरं वेगळं भाजा, ते पटकन करपतं. गार करून कमीत कमी पाण्यात वाटा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीजरला लावा. गोठलं की चौकोन काढून पिशवीत. दोघांच्या उसळीला किंवा आमटीला दोन चौकोन पुरतात. ट्रे वाटणासाठी वेगळाच ठेवा, लसणाचा वास जात नाही. सोबत भाजून सोललेल्या दाण्यांचं कूट, आणि जवस, कारळं, तीळ यांपैकी एक कोरडी चटणी. खोबरं आणि कूट उन्हाळ्यात बाहेर खवट होतं, दोन्ही फ्रीजमध्ये.

एवढं हाताशी असलं की आठवडा असा जातो. सोमवारी मटकीची उसळ, गोडा मसाला आणि आमसूल घालून. मंगळवारी उरलेल्या मटकीत पोहे. बुधवार माझा सगळ्यात दमणुकीचा दिवस, त्या दिवशी पिठलं. बेसन, लसूण, मिरची, दहा मिनिटं. गुरुवारी सकाळी फ्रीजरमधला डबा खालच्या कप्प्यात काढून ठेवते आणि रात्री छोले. शुक्रवारी भाजणीचं थालीपीठ, त्यात जो कांदा, जी पालेभाजी उरली असेल ती. बघा, यातलं काहीच नवीन नाही. भाजणी, मेतकूट, पिठलं, उसळ, सोलकढी मुळातच वीगन आहेत. वरून येणारा तुपाचा चमचा आणि बाजूची दह्याची वाटी, बदल एवढाच करायचा आहे.

वरण-भातावर मी लसूण-जिऱ्याची तेलाची फोडणी घालते. कोशिंबिरीत दह्याऐवजी कूट आणि लिंबू. दही हवंच असेल तर दाण्याचं लावा: वाटीभर दाणे आठ तास भिजवून, सालं काढून, तीन वाट्या पाण्यात वाटून गाळा, ढवळत उकळा, कोमट झालं की हिरव्या मिरचीची पाच-सहा देठं घालून उबदार जागी ठेवा. पहिलं दही बेताचंच लागतं, ते विरजण म्हणून वापरा. दुसरं नीट लागतं.

भात रोज लावा, कुकरला वीस मिनिटांचं काम आहे. उरलाच तर पसरट ताटात लवकर गार करून तासाभरात फ्रीजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशीच वाफ येईपर्यंत गरम करून संपवा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात डब्यात देऊ नका. त्यातल्या जिवाणूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. पोळ्यांसाठी कणीक आदल्या रात्री मळून तेलाचा हात लावून ठेवता येते, एक दिवसच. ज्या आठवड्यात तेही जमत नाही तेव्हा पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणते, पण तूप लावू नका हे आधी सांगावं लागतं. बटाट्याची भाजी फ्रीजरमध्ये कधीच नको, स्पंजासारखी होते. टोफूचं, म्हणजे सोया दुधाच्या पनीरचं, मात्र याच्या उलट: गोठवून, वितळवून, पिळून घेतला की मसाला छान शोषतो.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. बी-12 जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाचं मिळत नाही. मोडांतून नाही, आंबवलेल्या पिठातून नाही, स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या पुडीतूनही नाही. डॉक्टरांना विचारून दोघांनीही गोळी सुरू करा आणि रक्त तपासून घ्या, थकवा जाणवायची वाट बघू नका. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतर लगेच चहा टाळा. कॅल्शियमसाठी आठवड्यातून दोन-तीनदा नाचणीची भाकरी आणि रोज तिळाची चटणी आमच्याकडे असतेच.

तुमचा शेवटचा प्रश्न चहाचा होता, सोया दूध घातलं की फाटतं. चहा दुधाशिवाय पूर्ण उकळून घ्या, गॅस बंद करा, मिनिटभर थांबा. दूध वेगळं कोमट करून मग चहा त्यात हळूहळू ओता आणि पुन्हा उकळू नका. तरीही फाटलं तर आलं कमी करून बघा किंवा काजूचं दूध करा: दहा काजू दोन तास भिजवून कपभर पाण्यात अगदी बारीक वाटायचे, गाळायचीही गरज नाही. आमच्याकडे सकाळचा चहा त्याचाच होतो.