गच्चीवरच्या सोलरमुळे लाईनलॉस कमी होतो का?

प्रश्न: सर, आम्ही घरावर ३ किलोवॅटचं सोलर बसवलंय, नेट मीटरपण (घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारं) लागलं. भावजी म्हणतात दुपारची जास्तीची वीज पार सबस्टेशनला जाते आणि वाटेतच अर्धी मुरते. खरंय का? आणि दुपारी घरात व्होल्टेज २५० च्या वर दिसतं ते कशामुळे?
– एक वाचक, बार्शी तालुका

उत्तर: ताई, भावजींना सांगा, तुमची वीज बहुतेक वेळा सबस्टेशनपर्यंत पोचतच नाही, शेजारचा फ्रीज, गल्लीतली पिठाची गिरणी, जिथं आधी लोड सापडेल तिथंच ती संपते. आता लॉसचं, म्हणजे तारेत उष्णता होऊन वाया जाणाऱ्या विजेचं ऐका. तारेतला लॉस करंटच्या वर्गाने वाढतो, म्हणजे करंट दुप्पट तर लॉस चौपट. समजा तुमचं गाव लाईनच्या पार शेवटाला आहे आणि दुपारी १०० अँपिअर ओढतंय, त्यातले ५० गावातल्याच सोलरने दिले तर तारेवर ५० च राहिले ना, मग लॉस निम्मा नाही होत, थेट चौथाईवर येतो! पण सोलर वाढत वाढत २०० अँपिअरचं झालं तर १०० उलटे निघतात आणि लॉस पुन्हा होता तेवढाच, २५० झालं तर सव्वादोन पट. म्हणजे लोडच्या मानाने सोलर हवं, आणि लोडच्या जवळ हवं.

शेतीपंपांना दिवसा वीज देण्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेतले प्लांट सबस्टेशनला जोडलेले असतात, त्यामुळे वरच्या लाईनचा लॉस वाचतो, पण तिथून शेवटच्या पंपापर्यंतच्या तारेतला नाही वाचत, आणि तीच तार कित्येक किलोमीटर लांब असते. मला हे फार लागतं, कारण शेवटच्या शेतकऱ्याचीच मोटर कमी व्होल्टेजने जळते.

संध्याकाळी सातला सोलर शून्य, लोड भरपूर, तेव्हाचा लॉस जसाच्या तसा. रात्री डीपीजवळ उभं राहिलं की जी गुणगुण ऐकू येते ती ट्रान्सफॉर्मरच्या कोअरची, म्हणजे आतल्या लोखंडी गाभ्याची, आणि त्या कोअरमधला लॉस तर २४ तास चालूच.

व्होल्टेजचं म्हणाल तर करंट बाहेर ढकलायला इन्व्हर्टरला (सोलरची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा डबा) व्होल्टेज चढवावंच लागतं, तार लांब-बारीक असेल तर जास्तच. नियमात २३० च्या ६ टक्के वरखाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४. भर दुपारी इन्व्हर्टरपाशी आणि मीटरपाशी एकाच वेळी मोजून घ्या. मीटरपाशी बरोबर आणि इन्व्हर्टरपाशी जास्त असेल तर तुमचीच वायर बारीक आहे, बदला. दोन्हीकडे जास्त असेल तर लेखी तक्रार द्या आणि लाईनमनला विचारा की गल्लीतली सगळी सोलर एकाच फेजवर तर आली नाहीत ना, तसं असेल तर दोन-चार घरं दुसऱ्या फेजवर घ्यायला सांगा.