स्टेपनी बरोबर आहे, चार चाकं चुकलीत

प्रश्न: भिलारजवळ आमची स्ट्रॉबेरीची शेती आणि तीन खोल्यांचा होमस्टे आहे. पावसाळ्यात शेतापर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर निव्वळ चिखल. म्हणून २०२१ ची डिझेल थार, फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी), ४६ हजार किलोमीटर चाललेली, ९ लाख ४० हजारांत बघून ठेवली आहे. नावावर करण्याचा आणि विम्याचा खर्च त्यातच धरला आहे. बचत ३ लाख, त्यातले २ लाख ४० हजार रोख भरून उरलेल्या ७ लाखांचं १३ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज. अडचण एकच. खाली चार टायर २६५/७५ आर १६ आणि मागच्या दारावरची स्टेपनी २४५/७५ आर १६. विक्रेता म्हणतो, "रिम सोळाचीच आहे, बसते. आणि आता सरकारने स्टेपनीची सक्तीच काढलीय." फारच वाटत असेल तर १० हजार कमी करतो, नाहीतर १८ हजारांचा पाचवा मोठा टायर टाकून ती रक्कम कर्जात घालतो, असं त्याचं म्हणणं. काय करू?

उत्तर: तुम्ही एका चुकीच्या चाकाबद्दल विचारलंत. माझ्या हिशोबाने त्या गाडीत चुकीची चाकं चार आहेत. स्टेपनी तेवढी बरोबर आहे.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलंत की खांबावर टायरच्या मापाचं आणि हवेच्या दाबाचं स्टिकर दिसेल. सोळाच्या रिमवर थारला कंपनीचं माप २४५/७५ (२४५ मिलिमीटर रुंदी, बाजूची उंची तिच्या ७५ टक्के; मागचा १६ म्हणजे रिमचे इंच). म्हणजे दारावर लटकतोय तो मूळचा टायर, आणि आधीच्या मालकाने खाली चार रुंद, उंच टायर टाकले. पाचव्याला हात आखडला, किंवा एवढं वजन मागच्या दाराच्या बिजागरीला सोसणार नाही असं त्याला वाटलं असेल. दिसायला गाडी रुबाबदार होते, मान्य.

रिम सोळाची आहे हे खरं, पण रस्त्याला रिम लागत नाही. मूळ टायरचा व्यास येतो साधारण ७७४ मिलिमीटर, मोठ्याचा ८०४. फरक तीन सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ चार टक्के. किलोमीटरभरात मोठं चाक सुमारे ३९६ वेळा फिरेल, तर छोटं ४११. तुमच्या गाडीची फोर बाय फोर जुन्या पद्धतीची, लिव्हर ओढून लागणारी. ती लागली की पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद नेणारे दोन शाफ्ट एकमेकांना जखडले जातात, त्यांना कमी-जास्त फिरू देणारं डिफरन्शियल मध्ये नसतं. मागे एक चाक छोटं असेल तर मागचा शाफ्ट जास्त फिरायला बघतो आणि पुढचा त्याला धरून ठेवतो. चिखलात चाकं घसरतात आणि ताण निघून जातो. डांबरावर मात्र तो जायचा कुठे? ट्रान्सफर केसमध्ये (पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी) आणि शाफ्टच्या क्रॉसमध्ये, म्हणजे सांध्यात. ते काम निघालं तर टायरचे १८ हजार किरकोळ वाटतील.

आता तुमचाच दिवस डोळ्यांसमोर आणा. जुलैतली संध्याकाळ, केळघर घाटात धुकं, मागचा टायर दगडावर कापला गेला. स्टेपनी लावलीत, घाट पार केलात, पुढे शेताचा चिखल. आणि नेमकी त्याच वेळी फोर बाय फोर लावताना हात कचरणार. फक्त दोन चाकांना ताकद देणाऱ्या फोर बाय टूपेक्षा जे काही जास्तीचे पैसे तुम्ही या गाडीला मोजताय, ते या एका संध्याकाळसाठीच मोजताय ना? (तशी वेळ आलीच तर छोटं चाक मागे लावू नका. पुढचं एक चांगलं चाक काढून मागे लावा, स्टेपनी पुढे, टू व्हीलमध्ये सावकाश घरी. पावसात दोनदा जॅक लावावा लागेल, इलाज नाही.)

सरकारी नियमाचं विक्रेत्याने अर्धंच सांगितलं. २०२० च्या दुरुस्तीने सूट मिळाली ती ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचा किट असलेल्या गाड्यांना. आणि बाजूने कापलेल्या टायरला किट काय करणार?

पाचवा मोठा टायर हा उपाय मला पटत नाही. एक तर खालच्या चारांची नक्षी निम्मी झिजली असेल, तर नवा कोरा टायर त्याच मापाचा असूनही त्यांच्यापेक्षा आठ-दहा मिलिमीटर मोठा भरेल. दुखणं कमी होईल, जाणार नाही. दुसरं म्हणजे ते १८ हजार कर्जात गेले की दरमहा ४१० रुपये, साठ हप्ते, एकूण २४ हजार ५७३. दारावर टांगून ठेवायच्या वस्तूसाठी पाच वर्षं व्याज! टायरसारखी झिजणारी, वाळणारी वस्तू हप्त्यावर घेऊ नये असं मी सगळ्यांनाच सांगतो. फारसं कोणी ऐकत नाही.

त्यापेक्षा उलट करा. खालचे चार मोठे टायर विकून टाका आणि कंपनीच्या मापाचे चार नवे घ्या. स्टेपनी आहेच, ती न वापरलेली असेल तर पाचही चाकं जवळपास एका मापाची होतील. आमच्या ओळखीच्या टायरवाल्याकडे मी विचारलं. नवे चार साधारण ४८ हजार, जुन्या चारांचे तो १६ हजार देईल. खिशातून ३२ हजार. यात आणखी एक फायदा आहे. स्पीडोमीटरच्या त्याच आकड्याला मोठ्या टायरवर गाडी जवळजवळ चार टक्के जास्त वेगाने चाललेली असते, आणि किलोमीटरही तेवढेच कमी पडतात. २० हजारांवर टायर बदलले असतील तर पुढचे २६ हजार प्रत्यक्षात २७ हजार. त्यावरून भांडायला जाऊ नका, पण विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी हुज्जत घालायला चांगलं निमित्त असतो. गाडी नावावर झाली की चौदा दिवसांत विमाही नावावर करून घ्या. आणि नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) आधीच्या मालकाचा, तो गाडीबरोबर येत नाही. विक्रेत्याने विम्याच्या खर्चात तो धरला असेल तर आत्ताच विचारा.

आता तुमच्या ३ लाखांकडे येतो. हप्ता बसेल १५ हजार ९२७. स्ट्रॉबेरीचा पैसा डिसेंबर ते एप्रिल, पाहुणे मे महिन्यापर्यंत. जुलै-ऑगस्टला होमस्टे ओस आणि हप्ता मात्र तारखेला हजर. विक्रेत्याची १० हजारांची सूट घेतलीत तर टायर बदलून तुमच्याकडे ३८ हजार उरतील, म्हणजे अडीच हप्तेही नाहीत. घरात कोणी आजारी पडलं तर काय, हा विचार यात कुठेच नाही. ३० हजार कमी झाले तर ५८ हजार उरतात. तेही मला थोडे वाटतात, पण पावसाळा निघेल. म्हणून ९ लाख १० हजार ही तुमची रेघ. त्याच्या वर एक रुपया नको, कर्ज ७ लाखांवरून हलवायचं नाही. विक्रेत्याला पाचव्या टायरचे पैसे मागू नका. "चार टायर कंपनीच्या मापाचे नाहीत, ते बदलायचे ३२ हजार" असं मागा. १० हजारांचं बोलणं एका चाकावर चाललं होतं, आता ते चारांवर येईल.

हे सगळं गाडी आतून धड असेल तरच. शनिवारी जाल तेव्हा सुतळी आणि खडू न्या. पाचही टायरांभोवती सुतळी फिरवून खूण करा. स्टेपनी सुमारे २४३ सेंटीमीटर भरेल, मोठे टायर २५२ च्या आसपास. खालच्या चारांतही आपसात सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचा फरक निघाला तर टायर जोडीने बदललेत, मग कधी आणि का ते विचारा. मग स्टेपनीवर हात फिरवा. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात. ते अजून असतील तर ती कधी जमिनीला लागलेलीच नाही, म्हणजे बेमेळ चाकावर गाडी चाललेली नाही. ही या व्यवहारातली सगळ्यात चांगली बातमी ठरेल. केस नसतील, नक्षी झिजलेली असेल, तर मात्र माझा सूर बदलतो. टायरच्या बाजूवर तो कधी बनला ते सांगणारे चार आकडेही असतात. ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. बाजूला बारीक चिरा पडल्या असतील तर ती स्टेपनी नावापुरतीच, पाचव्या टायरचे १२ हजार मागणीत वाढवा.

शेवटी मोकळ्या मातीत फोर बाय फोर लावून सरळ चालवा आणि परत टू व्हीलमध्ये आणा. लिव्हर अडला, दिवा विझायला वेळ लागला किंवा खालून कटकट आवाज आला, तर टोकन देऊ नका. आधी स्वतःच्या मेकॅनिककडून ट्रान्सफर केस उघडून बघायची परवानगी मागा. विक्रेता नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. थार बाजारात खूप आहेत, आणि स्ट्रॉबेरीचा हंगाम अजून लांब आहे. स्टेपनीवरचे ते चार आकडे मला कळवा.