सहाची गाडी बाराची करताना जुने मीटर कसे वाचवायचे?

प्रश्न : आजोबांचा फारगो ट्रक आहे, पन्नासच्या दशकातला, वाडीला आमच्या गोडाऊनमागे उभा असतो. इंजिन चालू होते पण ६ व्होल्टचा डायनमो गेला आणि ६ ची बॅटरी पण धड भेटत नाही, म्हणून अल्टरनेटर लावून १२ व्होल्ट करायचं ठरवलं. आता अर्थिंग पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं आहे. इलेक्ट्रिशियन म्हणते का चारही मीटर जळतील, नवीन लावून टाका. ऑइल आणि टेम्परेचरच्या मीटरमागून तांब्याच्या बारीक नळ्या इंजिनकडे गेल्या आहेत, अँपिअर आणि पेट्रोलच्या मीटरला वायरी आहेत. मला जुनेच पाहिजेत जी, काय करू?
— एक वाचक, वाडी

उत्तर : भाऊ, मीटर काढू देऊ नका, कोणी कितीही म्हणो. तुमच्या चारपैकी १२ व्होल्टचा धोका फक्त एकाला आहे, पेट्रोलच्या.

ऑइलच्या नळीतून खरं ऑइलच मीटरपर्यंत येतं आणि त्याच्या प्रेशरनं काटा फिरतो, करंटचा संबंधच नाही. टेम्परेचरचं पण तसंच, त्या नळीत इथरसारखं पटकन वाफ होणारं द्रव भरून सील केलेलं असतं. फक्त डॅशबोर्ड उघडताना ती नळी दुमडली किंवा कापली तर मीटर संपलं, म्हणून वायरमनला आधीच दाखवून ठेवा, असे मीटर व्होल्टेजनं कमी आणि पक्कडीनं जास्त मरतात.

अँपिअर मीटर व्होल्टेज मोजतच नाही, त्याच्यातून जाणारा करंट मोजतं, त्यामुळे ते १२ वर पण चालतं. दोन गोष्टी बघा. अल्टरनेटरसाठी अर्थिंग निगेटिव्ह करावं लागेल, मग काटा उलटा फिरेल, तर मागच्या दोन वायरींची अदलाबदल करा. आणि दुसरं म्हणजे डायलवर आकडा किती आहे ते वाचा, ३० लिहिलं असेल आणि तुम्ही ६० अँपिअरचा अल्टरनेटर लावला तर बॅटरी उतरलेली असताना सगळा चार्जिंग करंट त्या छोट्या पट्टीतून जाईल आणि डॅशबोर्डच्या मागे आग लागू शकते, हे मी घाबरवायला सांगत नाही, खरंच होतं. लहानातला लहान अल्टरनेटर घ्या, तुमच्या ट्रकला पुष्कळ झाला.

आता पेट्रोलचं मीटर. व्होल्टेज दुप्पट झालं की करंट दुप्पट आणि आतल्या गुंडाळीत उष्णता चौपट, टाकीतल्या सेंडरची (पेट्रोल किती आहे ते मीटरला कळवणारा भाग) बारीक तार पण त्याच रस्त्यात. म्हणून "एकदा चावी फिरवून बघू" असं १२ वर करूच नका. त्याला त्याचे ६ व्होल्टच द्या. ७८०६ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज भेटतो, १ अँपिअरपर्यंत झेपतो, एका मीटरला तेवढा भरपूर. छापलेली बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावा पाय इनपुट, मधला अर्थ, उजवा आउटपुट. चावीकडून येणारी वायर छोटा फ्यूज लावून इनपुटला, आउटपुट फक्त पेट्रोल मीटरला, आणि दोन्हीकडे अर्थला एकेक छोटा कपॅसिटर. त्याची मागची धातूची पट्टी आतून अर्थलाच जोडलेली असते, म्हणून निगेटिव्ह अर्थिंग झाल्यावर ती सरळ बॉडीला बोल्टनं आवळता येते, आपल्याकडच्या मे महिन्यात उष्णता बाहेर जायला ते लागतंच. पण त्या जागेचा रंग पॉलिश पेपरनं चकाचक घासा आणि मधल्या पायाला वेगळी अर्थ वायर द्याच, कारण अर्थ सुटली तर हा रेग्युलेटर ६ च्या जागी जवळपास पूर्ण १२ पुढे सोडतो आणि ज्याच्यासाठी एवढं केलं तेच मीटर जातं. जोडायच्या आधी मीटरची वायर काढून मल्टिमीटरनं आउटपुट बघा, ६ च्या आसपास दिसलं की मगच जोडा. डायनमोच्या काळात मीटरला सातच्या वर व्होल्टेज भेटायचं, त्यामुळे आता काटा फुलच्या थोडा आधी थांबू शकतो, त्यानं काही बिघडत नाही.

मीटरमधले दिव्यांचे बल्ब तेवढे १२ चे टाका.

प्रश्न : जुन्या जीपला १२ व्होल्ट केले. पेट्रोल आणि टेम्परेचर दोन्ही मीटर इलेक्ट्रिक. दुकानदारानं दोघांना मिळून एकच सिरॅमिक रेझिस्टर लावला, तर इंजिन तापलं की पेट्रोलचा काटा पण हलतो, टाकीत गडबड आहे का?
— एक वाचक, कामठी

उत्तर : टाकी ठीक असेल, गडबड रेझिस्टरचीच वाटते. रेझिस्टर किती व्होल्ट खाईल ते त्यातून जाणाऱ्या करंटवर ठरतं, एका मीटरनं करंट जास्त ओढला की दुसऱ्याला कमी उरतं. तो काढा आणि वर सांगितलेला रेग्युलेटर लावा, दोन्ही मीटर एकावर चालतील, दोघांचा मिळून करंट आधी मोजून घ्या. आणि जीपचं अर्थिंग निगेटिव्हच आहे ना ते बघा, पॉझिटिव्ह असेल तर ७८०६ नाही, त्याचा निगेटिव्ह व्होल्टेजचा भाऊ ७९०६ लागेल, आणि त्याच्या पायांचा क्रम वेगळा असतो, पट्टी पण अर्थला नाही तर इनपुटला जोडलेली असते, म्हणजे बॉडीला आवळताना करंट अडवायला मध्ये अभ्रकाची चकती आणि बोल्टला प्लास्टिकचा वॉशर पाहिजेच.