बोगी म्हणजे डबा का? हो, पण जरा खाली वाकून बघा

प्रश्न असा आलाय: "पेपरात 'तीन बोगी रुळावरून घसरल्या' असं वाचलं आणि घरात वाद पेटला. सासरे रेल्वेतून रिटायर झालेत, ते म्हणाले बोगी म्हणजे डबा नव्हेच, बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा. मग आपण सगळे इतकी वर्षं चुकीचं बोलतोय का? आणि अनेकवचन बोगी की बोग्या?"

सासऱ्यांचं बरोबर आहे, आणि तुमचंही चूक नाही. दोन्ही दगडांवर पाय ठेवलाय असं वाटेल, पण थांबा, सांगते.

आधी सासऱ्यांची बाजू. पुणे स्टेशनात उभं राहून आपल्या फलाटाला लागलेल्या नाही, तर पलीकडच्या रुळावरच्या गाडीकडे बघा (आपल्याकडच्या गाडीची चाकं फलाटाच्या कडेआड जातात). प्रत्येक डब्याच्या दोन टोकांशी चार-चार चाकांचा एकेक बुटका लोखंडी गाडा दिसेल, काळाकुट्ट, ग्रीस आणि धुळीनं माखलेला, जाडजूड स्प्रिंगा असलेला. हा गाडा म्हणजे बोगी. डबा तिच्यावर नुसता टेकलेला असतो आणि मधोमध एक पिव्हट असतो, त्याच्याभोवती बोगी थोडी डावी-उजवी फिरू शकते. म्हणजे एका डब्याला दोन बोग्या. त्या हिशोबानं 'तीन बोग्या घसरल्या' म्हणजे दीड डबा घसरला, आणि सासऱ्यांना पेपर वाचून हसू का आलं असेल ते कळतं. गंमत म्हणजे यार्डातले लोक स्वतः तिला बरेचदा 'ट्रॉली' म्हणतात, 'पुढची ट्रॉली घसरली', असं. अमेरिकेत तिलाच ट्रक म्हणतात, तेव्हा नावांचा गोंधळ फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका.

आता ही फिरती भानगड लागतेच कशाला? बैलगाडीला आस एकच, त्यामुळे ती कुठेही वळते. पण दोन आस एकाच सांगाड्याला घट्ट आणि समांतर बसवले की वळणावर पंचाईत होते, चाकांच्या आतल्या कडा रुळाला घासायला लागतात, आणि दोन आसांत अंतर जितकं जास्त तितकं हे घासणं जास्त. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी गेली त्या काळातले डबे असे चार चाकांचे, आखूड. लांब करायची सोयच नव्हती. मग खाली दोन फिरते गाडे घातल्यावर प्रत्येक गाडा आपापल्या वळणापुरतं वळतो, वरचा डबा कितीही लांबलचक असला तरी बिघडत नाही (कितीही म्हणजे अगदी कितीही नाही, आजचा एलएचबी, म्हणजे नव्या धाटणीचा डबा साधारण साडेतेवीस मीटरचा असतो). शिवाय आठ चाकांवर वजन वाटलं जातं आणि रुळाच्या सांध्यावर एक चाक उचललं गेलं तरी मधल्या पिव्हटपर्यंत तो धक्का निम्माच पोचतो. आपल्या चहाच्या कपातला चहा बशीत सांडत नाही त्याचं बरंचसं श्रेय खालच्या त्या काळ्या गाड्याचं आहे.

कोथरूडमधलं जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम बघायला पोरांना नेलंत तर त्यांना सांगा, गाडी वळणावर आली की डब्याकडे नको, डब्याखाली बघ. शंभर वाक्यात सांगून जे कळत नाही ते तिथे दोन सेकंदात कळतं.

मग बोगीचा डबा झाला कसा? माझ्या मते असं झालं: चार चाकांचे जुने डबे आणि हे नवे लांब डबे बरीच वर्षं बरोबरच धावत होते, मग वेगळं ओळखायला नव्याला 'बोगी कॅरेज' म्हणायचे, म्हणजे बोगीवाला डबा. बोलताना शेपूट गळलं, राहिली नुसती बोगी. पुढे चार चाकांचे डबे गेले, सगळेच डबे बोगीवाले झाले, तरी नाव चिकटून राहिलं. मूळ इंग्रजी शब्दही काही भारदस्त नाही, इंग्लंडच्या उत्तर भागात बुटक्या ढकलगाडीला बोगी म्हणायचे म्हणे, त्याच्याही मागे तो कुठून आला याबद्दल तिकडे एकमत नाही.

आता सासऱ्यांना एक विचारा, तुम्ही चारचाकीला मोटार म्हणता ना? मोटार म्हणजे खरं तर आतलं यंत्र. 'मोटारगाडी'चं शेपूट गळलं आणि यंत्राचं नाव अख्ख्या गाडीला लागलं. त्यावर कोणी भांडत नाही. गच्चीच्या टाकीत पाणी चढवणारी ती पण मोटार आणि लग्नाला घेऊन जाणारी ती पण मोटार, आपल्याला संदर्भानं बरोब्बर कळतं.

डबा या शब्दाचं वेगळंच. इंग्रजीत डब्याला कोच म्हणतात, तो शब्द हंगेरीतल्या कोच नावाच्या गावावरून आला, तिथल्या घोडागाड्या प्रसिद्ध होत्या, आणि इंग्लंडमधले सुरुवातीचे पहिल्या वर्गाचे डबे म्हणजे तीन घोडागाड्यांच्या पेट्या एकापुढे एक चिकटवल्यासारखे दिसायचे, त्यामुळे त्यांना घोडागाडीचा शब्द रेल्वेला लावणं सोपं गेलं. आपल्या लोकांनी घोडागाडी बाजूला ठेवली आणि समोर दिसलं ते म्हटलं: माणसं भरायचा डबा. पण हा डबाही मोजमापाला पक्का नाही हां. लोकलमधला 'बायकांचा डबा' बघा, लोणावळा लोकल असो की मुंबईची, तो बरेचदा अख्खा डबा नसतोच, पार्टिशन घालून केलेला एक भाग असतो. म्हणजे डबा हा शब्द कधी कोचसाठी, कधी कंपार्टमेंटसाठी. बोगीनं जागा बदलली म्हणून तिच्यावर खटला भरायचा तर डब्यालाही बोलवावं लागेल.

आणि पुण्यात बसून डब्यांबद्दल बोलायचं तर डेक्कन क्वीनशिवाय कसं चालेल. १ जून १९३० ला ती सुरू झाली तेव्हा सात-सात डब्यांचे दोन रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांचे संच होते, एक चंदेरी रंगाचा लाल पट्ट्यांचा आणि दुसरा गडद निळा सोनेरी रेघांचा. त्यांची अंडरफ्रेम, म्हणजे डबा ज्यावर उभा राहतो तो खालचा लोखंडी सांगाडा, इंग्लंडमध्ये बनली आणि वरचा डबा बांधला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, आजच्या मध्य रेल्वेच्या आधीची) रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये. खालचं विलायती, वरचं माटुंग्याचं. शब्दांचंही तेच झालंय बघा, खालच्या भागाचं नाव विलायती, वरच्याचं देशी, फरक इतकाच की विलायती नाव नंतर वर चढून बसलं.

तेव्हाची पद्धतच ती होती, आधी सांगाडा, मग त्यावर घर बांधावं तसा डबा. १९६६ मध्ये क्वीनला पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे पोलादी डबे मिळाले. या कारखान्याच्या नावातला 'इंटिग्रल' लोक नुसता नावातला दागिना समजतात, पण सगळी गोम त्यातच आहे: सांगाडा वेगळा आणि डबा वेगळा असं न करता तळ, भिंती, छत सगळं वेल्डिंग करून एकसंध, आणि भार सगळ्यांनी मिळून पेलायचा. हिंदीत त्याचं अधिकृत नाव 'सवारी डिब्बा कारखाना', त्यात हा दागिना नेमका पडलाय.

त्या डब्यांना 'अँटी-टेलिस्कोपिक' असंही म्हणायचे. खलाशांची जुनी दुर्बीण आठवा, नळीत नळी सरकत जाते ती. टक्कर झाली की जुने डबे तसेच एकमेकांत घुसायचे, ते होऊ नये म्हणून टोकं मुद्दाम अशी बांधली की धक्का तिथेच जिरावा. याला चांगला मराठी शब्द सुचवा असं मागे एकानं विचारलं होतं, मला वाटतं नवा शब्द घडवायची गरजच नाही, स्वयंपाकघरात आहे तो: डब्यात डबा न जाणारा.

माझ्या लहानपणीच्या त्या निळ्या-पांढऱ्या क्वीनची मला सगळ्यात जास्त आठवण आहे ती वासाची. घाट उतरताना खिडकीतून ब्रेकचा जळका वास यायचा, कारण ब्रेकचे ठोकळे थेट चाकाच्या धावेवर दाबले जायचे. बाबा म्हणायचे, "घाबरू नकोस, गाडी दम धरतेय." जून २०२२ पासून एलएचबी डबे आले, त्यांना आसावर बसवलेल्या ब्रेकच्या डिस्क असतात, आणि तो वास गेला. एलएचबी म्हणजे लिंके-हॉफमन-बुश ही जर्मन कंपनी, पण परवा फलाटावर एक काकू दुसरीला सांगत होत्या, "या नव्या एलएचबी बोगीत धक्के बसतात गं." आता यातली बोगी म्हणजे डबा, पण धक्के मुळात येतात ते दोन डब्यांमधल्या कपलिंगमुळे, बोगी बिचारी फुकट बदनाम.

तर बोलताना, गप्पांत, बातमीच्या मथळ्यातसुद्धा बोगी म्हणजे डबा हे बिनधास्त चालू द्या. फक्त डब्याच्या बांधणीबद्दल किंवा अपघाताच्या कारणाबद्दल लिहीत असाल तर वरच्याला डबा आणि खालच्याला बोगी असंच ठेवा, नाहीतर 'बोगीची बोगी तुटली' असलं काहीतरी छापून येईल.

अनेकवचन: मी बोग्या म्हणते. गाडी-गाड्या, पार्टी-पार्ट्या, ट्रॉली-ट्रॉल्या, तशी बोगी-बोग्या, शब्द आपल्या घरात इतकी वर्षं राहिलाय तर त्यानं घरचे नियम पाळावेत. पेपरवाले 'तीन बोगी' लिहितात ते 'तीन टॅक्सी'च्या चालीवर, तेही चुकीचं म्हणणार नाही, मला कानाला अर्धवट लागतं एवढंच. आणि कोणीतरी खाली विचारणारच म्हणून आत्ताच सांगते, बोगी आणि बोगदा यांचं काही नातं नाही, खंडाळ्यात त्यांची रोज गाठ पडते, तेवढंच.