२८ तासांचं गणित

प्रश्न : वय २७, मेकॅनिकल बी.ई. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे, महिना ३८,००० हातात येतात. डिसेंबरमध्ये जपानी भाषेची एन४ परीक्षा (पाच पायऱ्यांतली खालून दुसरी, एन१ सर्वांत वरची) पास झालो. आता टोकियोतल्या भाषाशाळेत दोन वर्षांचा कोर्स करायचं मनात आहे. एजंट म्हणतो, सुरुवातीला १२ लाख लावा, पुढचं सगळं पार्टटाइम कामातून निघतं. माझी एफडी ४.२ लाखांची, म्युच्युअल फंडात ३.१ लाख. उरलेल्यासाठी बाबा (एसटीतून निवृत्त, वय ६३) सीनियर सिटिझन योजनेतले १५ लाख मोडायला तयार आहेत. जाऊ का?
– एक वाचक, सातारा (पत्र संक्षिप्त केलं आहे)

उत्तर : तुमच्या पत्रात जपानी शिकण्याबद्दल चार ओळी आहेत आणि एजंटच्या आकड्यांबद्दल दीड पान. तेव्हा आकड्यांपासूनच सुरुवात करू.

एजंट खोटं बोलत नाहीये, हे आधी सांगतो. विद्यार्थी व्हिसावर वेगळी परवानगी काढली की आठवड्याला २८ तास काम करता येतं. टोकियोत किमान वेतन ऑक्टोबर २०२४ मध्ये तासाला १,१६३ येन झालं. महिन्याचे १२० तास धरले तर १ लाख ४० हजार येन होतात. काटकसरीने राहिलात तर टोकियोत महिन्याला लाखभर येन लागतात. म्हणजे खर्च भागून वर ४० हजार शिल्लक! कागदावर चोख बसतं. हे २८ तास मिळणार कधी आणि भरणार कोण, एवढंच त्या कागदावर नसतं.

माझ्या एका क्लायंटची मुलगी अशीच गेली होती, तीही एन४ वर. रोजचा खर्च वहीत लिहायची तिला सवय. परत आल्यावर तिने ती वही मला चाळायला दिली. पहिल्या महिन्याच्या पानावर गादी-पांघरूण, भाताचा कुकर, जुनी सायकल, कचऱ्याच्या पिशव्या. कचऱ्याच्या पिशव्यांची नोंद दोनदा आहे. कारण वर्गीकरण चुकलं म्हणून पिशवी स्टिकर लावून दारातच ठेवली गेली आणि सगळं पुन्हा भरावं लागलं. एका ओळीत फक्त ‘३८० – पुन्हा मासा’. ती शाकाहारी. भाजीचं म्हणून घेतलेल्या नूडल्सच्या पाण्यात माशाचा अर्क असतो, हे तिला दोनदा पैसे मोजून कळलं. जमेच्या बाजूला पहिले तीन महिने काही नाही. चौथ्या महिन्यात बेन्तोचे, म्हणजे तयार जेवणाचे, डबे भरायच्या कारखान्यात रात्रपाळी, आठवड्याला दोन दिवस.

कारखानाच का? कारण दुकानाच्या काउंटरवर उभं राहायचं तर गिऱ्हाइकाशी बोलायची जपानी वेगळी. आपण ‘देसु-मासु’ ही साधी सभ्य बोली शिकून जातो, तिथे आदरार्थी केइगो लागते आणि तीही न अडखळता. एन४ वाल्याला काम मिळतं ते बहुतेक जिथे बोलावं लागत नाही तिथे. म्हणजे भाषा शिकायला गेलेला माणूस रात्री मुक्याने डबे भरतो आणि सकाळी वर्गात पेंगतो. हजेरी घसरली की व्हिसाचं नूतनीकरण अडतं, कारण इमिग्रेशन खातं हजेरी बघतं. आणि २८ तासांची मर्यादा ओलांडून दुसरीकडे गुपचूप काम करायचा सल्ला कुणी दिलाच, तर त्या माणसाचा नंबर फोनमधून काढून टाका.

आता माझा हिशेब. १ येनला ६० पैसे धरतो, थोडे जास्तच धरलेले बरे. शाळेची फी वर्षाला साधारण ७ ते ९ लाख येन असते. दोन वर्षांचे १६ लाख येन, म्हणजे ९.६ लाख रुपये. राहणं-खाणं २४ महिने, १४.४ लाख. तिकीट, सुरुवातीचं भाडं, सामान मिळून १ लाख. एकूण २५ लाख. कमाई पहिले चार महिने शून्य आणि पुढे महिना ७० हजार येन धरा, म्हणजे ८.४ लाख रुपये. खिशातून जाणार १६.६ लाख. तुमचे स्वतःचे ७.३ लाख आहेत. उरलेले सव्वानऊ लाख बाबांचे. शिवाय आज तुम्ही महिन्याला १८,००० शिल्लक टाकता असं लिहिलंय, ते दोन वर्षं बंद. हे ४.३ लाख एजंटच्या कागदावर कधीच नसतात.

भाड्यापाशी एक गोष्ट लक्षात ठेवा. पुण्यात आपण डिपॉझिट देतो आणि भांडून का होईना, परत घेतो. तिथे ‘शिकिकिन’ म्हणजे डिपॉझिट. ‘रेइकिन’ ही घरमालकाला आभारादाखल द्यायची रक्कम, ती गेली ती गेली. महिन्या-दोन महिन्यांच्या भाड्याइतकी असू शकते. शाळेचं होस्टेल किंवा शेअर हाउस घेतलंत तर बहुतेक वाचते.

बाबांच्या १५ लाखांचं म्हणाल, तर त्याला माझा स्पष्ट नकार आहे. ८.२ टक्क्यांनी त्यांना दर तिमाहीला ३०,७५० रुपये येतात. एसटीच्या माणसाला पीएफवाली पेन्शन किती मिळते ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. त्यांचं घर या व्याजावर चालतं. त्या खात्यातून थोडी रक्कम काढता येत नाही, खातंच बंद करावं लागतं. दोन वर्षं होऊन गेली असतील तर १ टक्का कापून, म्हणजे १५,००० सोडून. ‘मुलगा जपानला’ म्हणून बाबा आनंदाने सही करतील. म्हणूनच त्यांना सही करायला लावू नका.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट शेवटच्या ओळीत, जाता जाता आली आहे. ‘आईबाबांचा मेडिक्लेम कंपनीकडून आहे.’ तुम्ही राजीनामा दिलात की तो संपला. बाबांना १२ वर्षांचा मधुमेह. नवी वैयक्तिक पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत वाट पाहावी लागू शकते. तुम्ही टोकियोत असताना साताऱ्यात बाबा अ‍ॅडमिट झाले तर पैसे कुठून येणार, याचं उत्तर एजंटकडे नाही. नोकरी सोडायच्या आधी एचआरकडून विमा कंपनीचं नाव घ्या आणि त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत ‘मायग्रेशन’ मागा. ग्रुप पॉलिसीत झालेली वर्षं त्यात धरली जातात. राजीनाम्यानंतर धावपळ करू नका, अर्ज आधीच द्या. दोघांचा हप्ता वर्षाला ४०–५० हजार धरून चाला.

मग जपान सोडून द्या म्हणतोय का? नाही. फक्त कुठली गोष्ट कुठे विकत घ्यायची ते ठरवा. एन४ वरून एन३ पर्यंत पुण्यात जाता येतं. इथे जपानी शिकवण्याची परंपरा जुनी आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे, रविवारचे खासगी वर्ग तर गल्लोगल्ली आहेत. जेएलपीटीचं, म्हणजे या एन४-एन३ परीक्षांचं, केंद्रही पुण्यातच, जुलै आणि डिसेंबरमध्ये. हेच व्याकरण येन मोजून शिकणं म्हणजे दारात नळ असताना टँकर मागवणं. जपानमध्ये जे मिळतं ते वेगळं. कान तयार होतो, मुलाखतीत कुठे थांबायचं आणि किती वाकायचं ते कळतं, ‘विचार करून सांगतो’ म्हणजे ‘नाही’ हे ओळखता येतं. त्यासाठी पैसे मोजा. पण एन३ हातात घेऊन जा, म्हणजे काउंटरवरचं काम मिळेल आणि पगारासोबत भाषाही मिळेल.

आणि टोकियोच कशाला? ओकायामा, फुकुओका अशा शहरांत भाडं बरंच कमी. वेतन थोडं कमी, पण भाड्यातला फरक त्याहून मोठा. (ओकायामाशी पुण्याचं नातं आहेच, सिंहगड रोडवरची ती जपानी बाग त्याच मैत्रीची.) एक वर्षाचा कोर्स धरू. फी साडेसात लाख येन, राहणं महिना ७५ हजार येन, वर सुरुवातीचा लाखभर रुपये खर्च. मिळून १०.९ लाख रुपये. आठ महिने ६० हजार येन कमावलेत तर पावणेतीन-तीन लाख परत. खिशातून ८ लाख. आज तुमचे ७.३ लाख आहेत, वर्षभर शिल्लक टाकलीत तर साडेनऊ होतात. बाबांच्या पैशाला हात न लावता भागतं आणि मेडिक्लेमचा हप्ताही बसतो. यातले ६० हजार परतीच्या तिकिटासाठी वेगळ्या खात्यात ठेवा आणि विसरून जा. गणपतीत घरी यावंसं वाटलं तरी त्याला हात लावायचा नाही.

हेही बघा की तुमच्याकडे बी.ई. आहे. जपानच्या तांत्रिक नोकरीच्या व्हिसाला साधारणपणे पदवी लागते, ती तुमच्याकडे आहे, म्हणजे भाषाशाळा हा एकच रस्ता नाही. एन३-एन२ च्या जोरावर इथूनच अर्ज करणारे आहेत. तुमच्या कंपनीचा माल जपानी गिऱ्हाइकाला जातो असं लिहिलंय. मग राजीनाम्याआधी एचआरला एक मेल टाका, तिकडे ट्रेनिंगला किंवा डेप्युटेशनवर माणसं पाठवता का म्हणून. ‘नाही’ म्हणाले तर काही गेलं नाही. ‘हो’ म्हणाले तर भाषाशाळेची फीच वाचली.

येन स्वस्त आहे, आत्ताच जा, हेही एजंट म्हणाला असेल. फी स्वस्त पडते हे खरं. पण उद्याचा पगारही त्याच येनमध्ये येतो. नव्या पदवीधराला तिथे महिन्याला साधारण २.२ ते २.५ लाख येन मिळतात, त्यातून कर, विमा, पेन्शन कापून घरभाडं द्यायचं. तिथून साताऱ्याला पैसे पाठवून बाबांचे १५ लाख भरून देऊ, हे पहिल्या दोन वर्षांत होणार नाही.

राहता राहिला पर्सनल लोनचा पर्याय. १४ टक्क्यांनी घेऊन, पगार नसताना हप्ता भरायचा? विषय संपला. शैक्षणिक कर्जासाठी बँकेत विचारून बघा, पण पदवी नसलेल्या भाषेच्या कोर्सला बऱ्याच बँका नाक मुरडतात.

खर्च कोण करणार याचे कागद जपानच्या इमिग्रेशनला द्यावे लागतात. तुमची स्वतःची जमा चालेल की बाबांना दाखवावं लागेल, हे थेट शाळेला ईमेल करून विचारा, एजंटमार्फत नको. अर्ज पाच-सहा महिने आधी जातात, म्हणजे एप्रिलच्या प्रवेशासाठी आदल्या दिवाळीच्या सुमारास कागद तयार हवेत. तोवर जुलैची एन३ देऊन होईल.

एजंटने या शुक्रवारपर्यंत ५०,००० ‘टोकन’ मागितलंय म्हणता. देऊ नका. त्याला सांगा, फीची पावती थेट शाळेच्या नावाने हवी. तो काय म्हणाला ते मला कळवा.